दोन ठोक्यांमधला अर्धा सेकंद

नाडी मिनिटाला ७५ असेल, तर एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत ०.८ सेकंद जातो. त्यातला जेमतेम ०.२७ सेकंद हृदय आकसतं. उरलेला ०.५३ सेकंद ते सैल पडतं आणि भरून घेतं. हाच हिशेब आयुष्यभराचा मांडला, तर ७५ वर्षं जगलेल्या माणसाच्या हृदयाची २५ वर्षं रक्त बाहेर टाकण्यात गेलेली असतात आणि तब्बल ५० वर्षं पुन्हा भरण्यात.

तरी हृदयाविषयी बोलताना आपण बोलतो ते त्या २५ वर्षांबद्दलच. इकोचा रिपोर्ट हातात पडला की पहिला प्रश्न असतो, ‘पंपिंग किती टक्के?’, म्हणजे भरलेल्या रक्तातलं दर ठोक्याला किती बाहेर पडतं. दोन ठोक्यांच्या मधे हृदय विश्रांती घेतं, असं शाळेपासून कानावर पडलेलं असतं. विश्रांतीत पाहण्यासारखं काय असणार, म्हणून तिकडे कोणी फारसं वळत नाही. या प्रकरणात आपण तिकडेच वळणार आहोत. सैल पडणं हे हृदयाचं कामच आहे. त्याला ऊर्जा लागते, त्याला वेळ लागतो, ते बिघडू शकतं, आणि पुष्कळदा सगळ्यात आधी बिघडतं ते तेच.

आधी रचनेची थोडी उजळणी करू. हृदयात चार कप्पे असतात. वरचे दोन अलिंद, खालचे दोन निलय. उजवी बाजू शरीरातून आलेलं रक्त फुप्फुसांकडे पाठवते. डावी बाजू फुप्फुसांतून आलेलं रक्त महाधमनीत ढकलते, आणि तिथून ते सगळ्या शरीरभर जातं. डावं अलिंद आणि डावं निलय यांच्यामध्ये मायट्रल झडप असते, निलय आणि महाधमनी यांच्यामध्ये महाधमनीची झडप. झडपा उघडतात आणि मिटतात त्या दाबाच्या फरकाने. मागचा दाब वाढला की उघडायचं, पुढचा वाढला की मिटायचं, एवढाच त्यांचा नियम. सगळ्यात जास्त दाब डावं निलय पेलतं, म्हणून पुढची हकिगत मुख्यतः त्याची आहे.

गेलेनचं म्हणणं, हार्वेचं उत्तर

दुसऱ्या शतकातला रोमन वैद्य गेलेन याच्या मते हृदयाची खरी हालचाल फुलण्याची होती. हृदय फुलतं आणि रक्त आत ओढून घेतं, असं त्याचं म्हणणं. युरोपातल्या वैद्यकाने ते जवळजवळ चौदाशे वर्षं मान्य केलं.

मग १६२८ मध्ये विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याचं हृदयाच्या गतीवरचं छोटेखानी लॅटिन पुस्तक आलं. जिवंत प्राण्याचं हृदय पाहायला घेतलं तेव्हा हार्वे सुरुवातीला पुरता गोंधळला होता. हालचाल इतकी जलद, की कधी आकसतंय आणि कधी फुलतंय हेच कळेना. हृदयाची गती फक्त परमेश्वरालाच कळत असेल, असं त्याच्याही मनात येऊन गेलं, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. मग तो बेडूक, साप, मासे अशा थंड रक्ताच्या प्राण्यांकडे वळला, कारण त्यांचं हृदय सावकाश चालतं. मरणाच्या दारातल्या प्राण्यांचं मंदावलेलं हृदयही त्याने पाहिलं. आता क्रम दिसू लागला. आधी अलिंदं आकसतात, पाठोपाठ निलयं. आकसताना हृदय घट्ट होतं, लहान होतं आणि रक्त बाहेर टाकतं. हार्वेने निर्णय दिला: हृदयाचं काम आकुंचनाचं, निलयं रक्त ओढत नाहीत, अलिंदं ते त्यांच्यात ढकलतात.

रक्ताभिसरणाबाबत हार्वे बरोबर होता आणि गेलेन चुकीचा होता. मात्र भरण्याच्या प्रश्नाचं अर्धंच उत्तर हार्वेच्या हाती लागलं होतं. १९३० मध्ये अमेरिकेतल्या लुई कॅट्झ यांनी कासवाच्या निलयावर केलेल्या प्रयोगांत एक लक्षणीय गोष्ट आढळली. भरायला सुरुवात होते त्या क्षणी निलयातलं रक्त वाढत असतं, आणि तरीही आतला दाब कमी होत असतो. कुठल्याही पिशवीत बाहेरून पाणी ढकललं तर आतला दाब वाढायला हवा. तो उतरत असेल, तर भिंती स्वतः मागे सरून आत जागा करत आहेत, असाच त्याचा अर्थ होतो. पुढे कुत्र्याच्या आणि माणसाच्या हृदयातही हेच दिसून आलं. निलय रक्त खरोखर ओढून घेतं. गेलेनच्या म्हणण्यातला एक अंश पुन्हा जिवंत झाला, पण आता त्याला मोजमापाचा आधार होता.

कॅल्शियम परत आत

ही ओढ येते कुठून, हे पाहायला पेशीत उतरावं लागतं. हृदयाच्या प्रत्येक स्नायुपेशीत अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या दोन प्रथिनांचे तंतू एकमेकांत सरकवलेले असतात. विजेचा संदेश आला की पेशीत कॅल्शियम मोकळं सुटतं. मायोसिनची टोकं अ‍ॅक्टिनला धरतात, ओढतात, आणि पेशी आखूड होते.

कॅल्शियमशिवाय हृदय चालत नाही, हे कळलं ते लंडनच्या नळाच्या पाण्यामुळे. सिडनी रिंगर हे तिथले डॉक्टर बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात ठेवून प्रयोग करत. ते बराच वेळ व्यवस्थित चालत राही. पुढे ऊर्ध्वपातित पाण्यात केलेलं द्रावण वापरलं, तर ठोके क्षीण होत थांबले. शोध घेतल्यावर उलगडा झाला. आधीचं द्रावण नळाच्या पाण्यात केलं होतं आणि त्या पाण्यात कॅल्शियम होतं. १८८३ मध्ये रिंगर यांनी हे प्रसिद्ध केलं. दवाखान्यात सलाईन म्हणून लावतात त्या ‘आरएल’च्या बाटलीतला ‘आर’ म्हणजे हेच रिंगर. त्यांना याची दुसरी बाजूही दिसली होती. कॅल्शियम जास्त झालं, तर हृदयाला सैल पडणं जड जातं.

म्हणजे सैल पडायचं तर आधी कॅल्शियम बाजूला काढायला हवं. १९५०च्या दशकात स्नायूच्या अर्कात स्नायूला शिथिल करणारा एक घटक सापडला होता. तो नेमका काय, यावर बरीच वर्षं खल चालला. १९६०च्या सुमारास टोकियोचे सेत्सुरो एबाशी आणि जर्मनीतले विल्हेल्म हॅसेलबाख यांच्या कामातून उत्तर मिळालं. पेशीच्या आत पातळ पडद्यांच्या पिशव्यांचं जाळं असतं, आणि त्या पिशव्या कॅल्शियम शोषून घेतात. हे शोषण करणाऱ्या प्रथिनाला आज ‘सेर्का’ म्हणतात. पिशवीत आधीच बाहेरच्या हजारो पट कॅल्शियम असतं. तिथे आणखी भरायचं, म्हणजे चढावर पाणी चढवण्यासारखंच. त्यासाठी ऊर्जा मोजावी लागते. पेशीचं ऊर्जेचं चलन एटीपी. एटीपीचा एक रेणू खर्च केला की सेर्का कॅल्शियमचे दोन आयन आत घालतं. दर ठोक्याला प्रत्येक पेशीत हे होतं, आणि एका क्षणात पेशीतलं मोकळं कॅल्शियम जवळपास दहापट उतरतं.

एवढ्यावर भागत नाही. अ‍ॅक्टिनला धरलेलं मायोसिनचं टोक सुटण्यासाठीही एटीपीचा एक रेणू त्याला येऊन चिकटावा लागतो. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठ होतं ते यामुळेच. एटीपी संपतं, धरलेली टोकं सुटत नाहीत आणि स्नायू कडक होतात. ऊर्जा संपलेला स्नायू आपोआप ढिला पडेल, अशी आपली सहज समजूत असते. प्रत्यक्षात तो आवळलेलाच राहतो.

हृदयरोगात हे फार महत्त्वाचं ठरतं. हृदयाच्या एखाद्या भागाला रक्त कमी पडलं, तर सैल पडणं सर्वांत आधी मंदावतं. आकुंचनाचा जोर त्यानंतर कमी होतो, ईसीजीमधले बदल त्यानंतर येतात, आणि छातीतलं दुखणं बहुधा सगळ्यात शेवटी. रुग्णाला काही जाणवण्याआधीच हृदयाने सैल पडण्यात हात आखडता घेतलेला असतो.

पीळ सुटतो तेव्हा

कॅल्शियम गेल्यावर तंतू सुटतात. पण नुसते सुटून ओढ निर्माण होत नाही. ती येते भिंतीच्या बांधणीतून.

डाव्या निलयाच्या भिंतीत आतल्या थरातले स्नायुतंतू एका दिशेने तिरके चढतात आणि बाहेरच्या थरातले उलट दिशेने. त्यामुळे आकुंचनाच्या वेळी हृदयाचं खालचं टोक एका बाजूला फिरतं आणि वरचा भाग दुसऱ्या बाजूला. दोन्ही मिळून साधारण दहा-पंधरा अंशांचा पीळ पडतो. इंग्लंडमधले रिचर्ड लोअर यांनी १६६९ मध्येच हृदयाच्या आकुंचनाला ओलं कापड पिळण्याची उपमा दिली होती. घट्ट पिळलेलं धुणं हातातून सोडलं की ते आपणहून उलटं फिरतं. निलयाचंही तसंच होतं. कॅल्शियम उतरताच पीळ झपाट्याने सुटू लागतो, आणि बराचसा सुटतो तो मायट्रल झडप उघडण्याच्या आधी, म्हणजे आत रक्ताचा एक थेंबही आलेला नसताना.

दुसरा वाटा टायटिन या प्रथिनाचा. माणसाच्या शरीरातलं आकाराने हे सगळ्यात मोठं प्रथिन. ते स्नायूच्या तंतूंमध्ये लांबीच्या दिशेने बसवलेलं असतं. पेशी ताणली तर ते मागे खेचतं आणि जास्त आखूड झाली तर बाहेर रेटतं. आकुंचनासाठी खर्च झालेल्या ऊर्जेचा काही भाग असा पिळात आणि टायटिनमध्ये साठून राहतो आणि पुढच्याच क्षणी भरण्याच्या कामी येतो.

तिसरा वाटा हृदयाच्या मधल्या कड्याचा. झडपा ज्या कड्यावर बसलेल्या असतात, ते कडं आकुंचनात सेंटिमीटरभर खाली, टोकाच्या दिशेने ओढलं जातं. त्या वेळी वरचं अलिंद ताणलं जातं आणि फुप्फुसांकडून रक्त घेतं. निलय सैल पडू लागलं की कडं वर परततं आणि अलिंदात जमलेल्या रक्ताला कवेत घेतं. म्हणजे एका आकुंचनातच पुढच्या भरण्याची तयारी झालेली असते. हृदयाचं आकसणं चांगलं असेल, तर भरणंही चांगलं होतं. ही दोन कामं एकमेकांना बांधलेली आहेत.

एक ठोका, जवळून

आता तो ०.५३ सेकंद क्रमाने पाहू. डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात तेव्हा त्यांना दोन आवाज ऐकू येतात. त्यातला दुसरा आवाज म्हणजे महाधमनीची आणि फुप्फुसधमनीची झडप मिटल्याचा. आपला अर्धा सेकंद तिथून सुरू होतो.

पहिला टप्पा साधारण ०.०८ सेकंदाचा. महाधमनीची झडप मिटलेली, मायट्रल अजून उघडलेली नाही. निलय चारी बाजूंनी बंद. आत ५० मिलिलीटरच्या आसपास रक्त शिल्लक आहे, कारण निरोगी हृदयही कधी पूर्ण रिकामं होत नाही. या बंद खोलीत दाब शंभर मिलिमीटर पाऱ्यावरून दहाच्या खाली येतो. कॅल्शियम आत जातंय, पीळ सुटतोय. आवाज नाही, रक्ताची ये-जा नाही, आणि हृदयाचं सगळ्यात मेहनतीचं शिथिलन याच वेळी चाललेलं असतं.

निलयातला दाब अलिंदातल्या दाबाखाली आला की मायट्रल झडप उघडते. दुसरा टप्पा सुरू होतो. रक्त झपकन आत येतं. भरायचं असतं त्या सुमारे ७० मिलिलीटरपैकी ५०-५५ मिलिलीटर या टप्प्यात आणि त्यानंतरच्या संथ टप्प्यात येऊन जातं, आणि त्यातलंही बहुतेक पहिल्या ०.१ सेकंदात. दाब उतरत असतानाच रक्त वाढतंय, ही कॅट्झ यांना दिसलेली गोष्ट या क्षणाची. लहान मुलांत आणि तरुणांत इथे कधी कधी एक मंद तिसरा आवाजही ऐकू येतो. तो त्या वयात निरोगीपणाचा असतो. प्रौढात नव्याने ऐकू आला, तर मात्र डॉक्टर सावध होतात.

तिसरा टप्पा संथ असतो. अलिंद आणि निलय यांचे दाब जवळपास सारखे झालेले असतात आणि रक्त हळूहळू झिरपत राहतं. नाडी वाढली की सगळ्यात आधी कात्री लागते ती या टप्प्याला.

चौथा टप्पा अलिंदाचा. ते आकसतं आणि शेवटचं १५-२० मिलिलीटर रक्त निलयात ढकलतं. हार्वेला दिसलं होतं ते हेच. निरोगी माणसात एकूण भरण्याचा हा पाव हिस्सा. निलय आता १२० मिलिलीटरपर्यंत भरलं. भिंती ताणल्या गेल्या. संदेश येतो, मायट्रल झडप मिटते, पहिला आवाज होतो आणि पुढचं आकुंचन सुरू.

भरताना ताणल्या गेलेल्या भिंतींचाही उपयोग आहे. जर्मनीतले ओटो फ्रँक यांनी १८९५ मध्ये बेडकाच्या हृदयावर आणि लंडनचे अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९१४च्या सुमारास कुत्र्याच्या हृदयावर दाखवून दिलं, की निलय जितकं जास्त भरतं, तितक्या जोराने ते पुढच्या ठोक्याला आकसतं. म्हणूनच उजव्या आणि डाव्या बाजूचा हिशेब दिवसाच्या लाखभर ठोक्यांत चुकत नाही. जिकडे जास्त आलं, तिकडून जास्त जातं. मेंदूला त्यात लक्ष घालावं लागत नाही.

हृदयाला स्वतःचं रक्त कधी मिळतं?

बहुतेक अवयवांना रक्त मिळतं ते मुख्यतः हृदय आकसतं तेव्हा. डाव्या निलयाच्या स्नायूला मात्र ते सैल पडल्यावर मिळतं. आकसलेला स्नायू आपल्याच पोटातल्या रक्तवाहिन्या दाबून टाकतो. तो सैल पडला की कॉरोनरी धमन्यांतून रक्त वाहू लागतं. डाव्या निलयाचा बहुतांश रक्तपुरवठा दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात होतो.

त्या वेळी हृदय तर रक्त ढकलत नसतं. मग हे रक्त कोण ढकलतं? महाधमनी. आकुंचनाच्या वेळी ती थोडी फुगते आणि नंतर आपल्या लवचीकपणाने मूळ आकाराला येते. त्या रेट्याने रक्त पुढे जात राहतं. बीपी मोजताना सांगतात त्या दोन आकड्यांतला खालचा आकडा, उदाहरणार्थ १२० आणि ८० मधला ८०, हा याच काळातला दाब आहे.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात एका निळ्या देवमाशाच्या अंगावर यंत्र चिकटवून त्याचे ठोके पहिल्यांदा मोजले गेले. खोल बुडी मारल्यावर ते मिनिटाला चार ते आठ होते, आणि एका क्षणी तर दोनवर आले होते. दोन ठोक्यांमध्ये जवळपास अर्धं मिनिट! एवढा वेळ रक्त वाहतं ठेवते ती त्याची अतिशय लवचीक महाधमनी. माणसाच्या महाधमनीचा लवचीकपणा वयाबरोबर कमी होतो. वरचा आकडा चढतो, खालचा उतरतो, आणि हृदयाला गरज असते त्याच वेळी मागचा रेटा कमी पडतो.

हृदयाचा स्नायू शांत बसलेल्या माणसातही आपल्या वाट्याच्या रक्तातला सुमारे ७० टक्के ऑक्सिजन काढून घेतो. जास्त काढायला फारसा वाव उरत नाही. गरज वाढली की जास्त रक्तच लागतं, आणि त्यासाठी वेळ लागतो. कॉरोनरी धमन्या अरुंद झालेल्या रुग्णाला डॉक्टर बीटा ब्लॉकर गोळी देतात. तिने नाडी मंदावते, हृदयाचं काम कमी होतं आणि मधला वेळ वाढतो.

नाडी वाढली की

धावताना, जिना चढताना नाडी वाढते. कात्री लागते ती भरण्याच्या वेळेला. नाडी २०० झाली तर आकुंचनाला ०.१६ सेकंद मिळतो आणि शिथिलनाला उरतो ०.१४ सेकंद. ०.५३ वरून ०.१४! आणि नेमकं याच वेळी शरीराला कितीतरी पट जास्त रक्त हवं असतं.

निरोगी हृदय हे निभावून नेतं, कारण अ‍ॅड्रिनलिनच्या जातीची जी रसायनं ठोका वाढवतात, तीच सैल पडण्याचाही वेग वाढवतात. सेर्काला एरवी लगाम घालून ठेवणारं एक छोटं प्रथिन असतं. ही रसायनं तो लगाम ढिला करतात. कॅल्शियम लवकर आत जातं, पीळ लवकर सुटतो, ओढ वाढते. शिवाय पोटऱ्यांचे स्नायू पायांतलं रक्त वर रेटतात आणि खोल श्वासाबरोबर छातीतला दाब उतरून ते हृदयाकडे खेचलं जातं. शिथिलनाची ही जादा ताकद ज्या हृदयात उरलेली नसते, त्याचा माणूस खुर्चीत बसलेला असताना ठणठणीत दिसतो आणि रेल्वेचा पूल चढताना धापा टाकतो.

भरणं अडतं तेव्हा

भरण्यात अडथळे नाना प्रकारचे येतात. आपल्या देशात दीर्घकाळ दिसत आलेला अडथळा मायट्रल झडपेचा. लहानपणी घशाला जिवाणूंचा संसर्ग होतो, त्यातून ऱ्हुमॅटिक ताप येतो, आणि पुढे काही वर्षांत झडपेच्या पाकळ्या जाड होऊन एकमेकींना चिकटतात. एरवी चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडणारी झडप दीडपेक्षाही कमी उघडू लागते. निलय उत्तम, पण दारच अरुंद. अशा अनेक बायकांचा आजार पहिल्यांदा लक्षात येतो तो गरोदरपणात. शरीरातलं रक्त वाढतं, नाडी वाढते, भरायला वेळ कमी पडतो, आणि रक्त मागे फुप्फुसांत तुंबून दम लागतो. जपानचे कांजी इनोऊए यांनी १९८०च्या दशकात पायाच्या शिरेतून फुगा नेऊन ही झडप मोकळी करण्याची पद्धत आणली. छाती न उघडता हजारो रुग्णांची सुटका झाली.

दुसरा अडथळा ताल बिघडण्याचा. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये अलिंद नुसतं थरथरतं, एकजुटीने आकसत नाही. शेवटचा पाव हिस्सा बुडतो, वर नाडीही बेताल आणि जलद. तिसरा अडथळा बाहेरून येतो. हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी किंवा रक्त झपाट्याने साचलं, तर शंभर-दोनशे मिलिलीटरही निलयाला फुलू देत नाही. क्षयरोगात हे आवरण जाड आणि ताठ होऊ शकतं. आपल्याकडे क्षय अजून आहे, त्यामुळे हाही आजार आहे.

सध्या झपाट्याने वाढतो आहे तो चौथा प्रकार, म्हणजे ताठरलेल्या हृदयाचा. वर्षानुवर्षं बीपी चढलेलं राहिलं की निलयाची भिंत जाड होते. मधुमेह, लठ्ठपणा आणि वय तीत चिवट धागे वाढवतात. असं हृदय आकसतं छान, पण सैल पडायला वेळ घेतं, आणि भरायचं तर त्याला मागून जास्त दाब लागतो. तो दाब अलिंदातून फुप्फुसांपर्यंत पोचतो. चालताना दम लागतो, रात्री दोन उशा घ्याव्या लागतात, संध्याकाळी पावलं सुजतात. पंपिंग मात्र ६० टक्के, म्हणजे उत्तम! हार्ट फेल्युअरच्या एकूण रुग्णांत जवळपास निम्मे या प्रकारचे असतात, आणि त्यात वयस्क बायकांचं प्रमाण मोठं आहे.

रिपोर्टमधली ती ओळ

स्वीडनमधल्या लुंड इथे १९५३ मध्ये इंगे एडलर आणि हेलमुथ हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदय पाहायला सुरुवात केली. तीच आजची इको तपासणी. एडलर यांचं लक्ष होतं मायट्रल झडपेवर. पुढे डॉप्लर तंत्र आलं आणि झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा वेग मोजता येऊ लागला. पडद्यावर दर ठोक्याला दोन शिखरं उमटतात. पहिलं ‘ई’, निलयाच्या ओढीने आत आलेल्या रक्ताचं. दुसरं ‘ए’, अलिंदाने ढकललेल्या रक्ताचं. विशीतल्या माणसात ‘ई’ ‘ए’पेक्षा बरंच उंच असतं. साठी-पासष्टीनंतर पुष्कळदा ‘ए’ वर जातं. ओढ कमी पडते आणि ढकलणाऱ्यावर भार येतो.

हाच बदल ठळक असला की रिपोर्टमध्ये ओळ येते: ‘ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन’. ती वाचून घरोघरी धसका घेतला जातो. तिचा अर्थ असा: शिथिलन मंदावलं आहे, पण अलिंदातला दाब अजून वाढलेला नाही. वाढत्या वयात ही नोंद सर्रास आढळते. ग्रेड दोनमध्ये दाब वाढलेला असतो. त्या दाबामुळे ‘ई’ पुन्हा उंच होऊन चित्र वरवर निरोगी दिसू लागतं, म्हणून डॉक्टर भिंतीच्या हालचालीचा वेगही मोजून खातरजमा करतात. ग्रेड तीन गंभीर असते. म्हणून ती ओळ एकटी वाचायची नसते. दम लागतो का, बीपी किती, अलिंद मोठं झालं आहे का, हे सोबत पाहायचं असतं.

उपाय काय? ताठरलेल्या हृदयाच्या आजारावर अनेक वर्षं खात्रीचं औषध नव्हतं. २०२१ आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत एम्पाग्लिफ्लोझिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन या मूळच्या मधुमेहावरच्या औषधांनी अशा रुग्णांना हॉस्पिटलात भरती होण्यापासून बऱ्याच प्रमाणात वाचवलं, मधुमेह नसलेल्यांनाही. त्याच्या आधीची पायरी व्यायामाची. अमेरिकेत डॅलसच्या संशोधकांनी ४५ ते ६४ वयाच्या, बैठं आयुष्य जगणाऱ्या निरोगी माणसांना दोन वर्षं आठवड्यातून चार-पाच दिवस व्यायाम करायला लावला. त्यात आठवड्यातून एकदा दम लागेल असा जोराचा व्यायाम होता. २०१८ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्या हृदयाचा ताठरपणा कमी झाला. योगासनं, तोल साधण्याचे व्यायाम आणि वजनं यांवरच थांबलेल्या दुसऱ्या गटात तो कमी झाला नाही. याच संशोधकांच्या आधीच्या अभ्यासात पासष्टीनंतर व्यायाम सुरू केलेल्यांना फिटनेसचा फायदा झाला होता, पण हृदय पुन्हा लवचीक झालं नव्हतं. म्हणजे या कामाचं वय पन्नाशीच्या आसपासचं.

म्हणून वाचकांना एवढंच सांगणं आहे. बीपी आणि साखर यांच्याकडे आज लक्ष द्या, कारण निलयाची भिंत जाड होते ती गाजावाजा न करता, वर्षानुवर्षं. जोराने चाला, आणि पन्नाशी उलटण्याआधी सुरुवात करा. आधी हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारून करा. घरातल्या आईला, आत्याला जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त दम लागत असेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. पंपिंग ६० टक्के आहे, एवढ्यावर समाधान मानू नका. डॉक्टरांना पुढचा प्रश्न विचारा: हृदय भरतंय कसं?